चपलेच्या ठशांवरून मोजलेली माणसं

सुहास दातारने मला फसवलं. उत्तर ऱ्होडेशियाच्या लोकसंख्येत फसवलं, माझीच चप्पल वापरून फसवलं, आणि फसवून झाल्यावर माझ्याकडे बघून मान डोलावली, जणू आम्ही दोघांनी मिळून काही पुण्याचं काम केलं होतं. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे मी त्या घराबद्दल, भाताबद्दल, कुकरच्या शिट्ट्यांबद्दल लिहायला लागलो की माझा हात सैल सुटतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की हा जुन्या मित्राच्या आठवणीने गहिवरलाय. मी गहिवरलेलो नाही. मी चिडलेलो आहे, आणि इतकी वर्षं चिडलेलाच आहे. माझी मुलगी म्हणते, "बाबा, लेट इट गो." तिला म्हणायला काय जातंय? तिच्या चपला तिच्या पायात आहेत.

माझ्या वडिलांचं जयसिंगपूरला भांड्यांचं दुकान आहे, असं मी अमेरिकेत सांगत असे. दुकान कसलं, आठवडी बाजारात ताडपत्री अंथरून त्यावर स्टीलचे डबे, पातेली, ताटल्या मांडायच्या आणि दिवसभर ओरडायचं. पण त्या ताडपत्रीवर मी जे शिकलो ते मला पुढे कुठल्याही विद्यापीठाने शिकवलं नाही. पहिला भाव जो बोलतो तो हरतो. गिऱ्हाईक पातेलं खाली ठेवून निघालं तरी हाक मारायची नाही, ते वळून बघणारच. आणि सौदा झाल्यावर वर काही फुकट मागितलं तर एखादा चमचा द्यायचा, पण चमचा कुठला द्यायचा ते आपण ठरवायचं. हे डोक्यात घेऊन मी संख्याशास्त्र शिकायला नॉर्थ कॅरोलायनाला आलो. इथे सगळे भाव छापलेले असतात, घासाघीस चालत नाही, असं मला विमानतळावर घ्यायला आलेल्या सीनियरने सांगितलं. त्याच आठवड्यात मी गादीच्या दुकानात एका गादीच्या किमतीत दोन उशा आणि एक चादर काढून दाखवली. दुकानदार शेवटी म्हणाला, "प्लीज, आता जा."

शेजारच्या कॅरी गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं अपार्टमेंट होतं. भोवती उंच पाइनची झाडं. घर दोन खोल्यांचं, लीजवर नावं तिघांची. मी विलास कासार, पुण्याचा सुहास दातार, आणि नागपूरचा बोंडे. बोंडेचं पहिलं नाव त्याच्या आईशिवाय कोणी घेत नसे. ही झाली कागदावरची माणसं. प्रत्यक्षात तेव्हा मंदी आलेली होती, कंपन्या माणसं काढत होत्या, आणि शिकून नोकरीला लागलेले आमचे सीनियर उलट्या पावली परत येत होते. प्रत्येक जण बॅग घेऊन दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "एकच आठवडा, यार." तो आठवडा कधी संपल्याचं मला आठवत नाही. एक तर कॅलिफोर्नियातली नोकरी गेल्यावर आला होता. वयाने आमच्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठा, पण टक्कल पडलेलं, म्हणून सगळे त्याला काका म्हणत. हा काका आमच्या कपड्यांच्या कपाटात झोपायचा. कपाट म्हणजे आत माणूस चालत जाईल एवढं मोठं. त्याने आत एक टेबललॅम्प आणि गणपतीचा फोटोही लावला होता.

संध्याकाळी घरात पहिला आवाज व्हायचा तो फोडणीचा, आणि लगेच दुसरा धुराच्या अलार्मचा. त्यावर उपाय म्हणून बोंडेने अलार्मला अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घातली होती. मग कुकर लावायचा. भाताचं माप म्हणजे माझ्या वडिलांनी दिलेली स्टीलची वाटी, माणशी एक. मी वाटी हातात धरून ओरडायचो, "कोण कोण जेवणार?" आणि सगळ्या खोल्यांतून हात वर यायचे, सोफ्यामागून यायचे, एक हात कपाटातून यायचा. माणसं सात. जेवणं व्हायची, वरणाचं पातेलं बोटाने निपटून व्हायचं, आणि मग मी दुसरा प्रश्न विचारायचो. "भांडी कोण घासणार?" या प्रश्नाला घरात माणसं तीन. बाकीचे म्हणायचे, "आम्ही काय बाबा, पाहुणे." जेवताना घरचे आणि घासताना पाहुणे, ही जात मी पुढे धंद्यातही पुष्कळ पाहिली. पण तेव्हा मला त्यात काही शास्त्र आहे असं वाटलं नव्हतं. नुसता राग यायचा.

आता ऱ्होडेशियाकडे येतो. प्रोफेसर व्हिटलो नावाचे एक उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ आम्हाला लोकसंख्येचा अभ्यास शिकवायचे. त्या सत्रात त्यांनी आफ्रिकेच्या दक्षिण भागातले देश वाटून दिले. स्वातंत्र्याआधीच्या काळात तिथली लोकसंख्या कशी आणि का वाढली, ते प्रत्येकाने सत्राच्या शेवटी वर्गासमोर मांडायचं. ज्याची मांडणी उत्तम, त्याला पुढच्या वर्षी त्यांच्याकडे असिस्टंटशिप. ती मिळाली म्हणजे फी माफ आणि वर पोटापुरता पगार. ती मिळाली नाही म्हणजे, माझ्यापुरतं बोलायचं तर, जयसिंगपूर आणि ताडपत्री. सुहासचे वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. त्याला असिस्टंटशिप मिळाली असती तर बरं वाटलं असतं, एवढंच. मला तिच्यावाचून राहताच येणार नव्हतं. हे त्याला माहीत होतं. मी त्याला रोज सांगायचो.

मला आला उत्तर ऱ्होडेशिया, म्हणजे आजचा झांबिया. सुहासला आला शेजारचा न्यासालँड, म्हणजे आजचा मलावी. मी वाचनालयाच्या तळघरात बसून जुन्या इंग्रज अधिकाऱ्यांचे अहवाल वाचले. गोऱ्यांची शिरगणती नीट व्हायची, दारोदार जाऊन. आफ्रिकी लोकांचा मात्र नुसता अंदाज. जिल्ह्याचा अधिकारी गावोगाव फिरायचा, झोपड्या आणि कर भरणारे पुरुष मोजायचा, आणि त्यावरून बायकामुलांसकट सगळ्यांचा आकडा बसवायचा. असे अंदाज कित्येक वर्षं चालले. मग स्वातंत्र्याच्या अगदी तोंडावर पहिल्यांदा सगळ्यांची खरीखुरी गणती झाली, आणि आकड्याने एकदम उडी मारली. माझ्या आलेखावरची रेघ वर्षानुवर्षं निवांत चढत होती आणि शेवटी बकरीसारखी उडाली होती. का उडाली? पुस्तकं म्हणत होती दवाखाने आले, मृत्यू घटले, तांब्याच्या खाणींवर बाहेरून माणसं आली. ते खरंच होतं. पण मी बाजारातला माणूस. एवढी उडी दवाखान्याने होत नाही, यात कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला जाणवत होतं. काय ते मात्र सापडत नव्हतं.

शिवाय माझी दुसरी अडचण होती. मी इंग्रजी बोलायला लागलो की व्हिटलो डोळे मिटून घ्यायचे. ते लक्ष देण्यासाठी मिटतात असं बोंडे म्हणायचा, पण बोंडे सगळ्यांबद्दल चांगलंच बोलतो. सुहासचं इंग्रजी मऊ होतं, लोणी लावल्यासारखं. म्हणून मी त्याच्याशी सौदा केला. तो माझ्या स्लाइड्स करणार आणि माझ्याकडून बोलण्याची तयारी करून घेणार. बदल्यात मी त्याच्या पाळीची भांडी घासणार. तो म्हणाला, "सत्र संपेपर्यंत."

मी म्हणालो, "वेडा आहेस काय? वसंतातल्या सुट्टीपर्यंत."

"विलास, माझी मेहनत बघ ना जरा."

"माझे हात बघ. साबणाने सोलून निघालेत. सुट्टीपर्यंत, आणि कढई धरायची नाही. कढई ज्याची त्याने घासायची."

तो निघून गेला. मी हाक मारली नाही. तो दारातून वळला. "बरं, कढई सोडून," तो म्हणाला. "पण मी कोरडी करायला उभा राहीन हं. तू एकटा घासतोस ते बरं नाही वाटत." मला केवढा आनंद झाला. कढई सुटली, आणि वर पुसायला माणूस फुकट. मी बोंडेला म्हणालो, "कापला बघ दाताराला." बोंडे म्हणाला, "पाहून घे बे, तो पुण्याचा आहे." मी दुर्लक्ष केलं.

आमच्याकडे वसंत ऋतू म्हणजे पाइनचे पराग. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटणार नाही. सबंध गाव पिवळं होतं. गाड्या पिवळ्या, खिडक्या पिवळ्या, कुत्री पिवळी. रात्रीतून कोणीतरी भंडारा उधळून गेल्यासारखं. त्या दिवसांत दारावर एक कागद लागला. झुरळांसाठी फवारणी होणार, बरोबर मॅनेजर बाई येणार. या बाईंचं नाव मिस लोरेटा. ठेंगण्या, गोड बोलणाऱ्या, सगळ्यांना "हनी" म्हणणाऱ्या, आणि लीजवरच्या नावांपेक्षा एक माणूस जास्त दिसला की तेवढ्याच गोड आवाजात घर खाली करायला सांगणाऱ्या. आम्ही युद्धाची तयारी केली. गाद्या एकावर एक रचून वर चादर घातली, सोफा म्हणून. पाहुण्यांना वाचनालयात पिटाळलं. जादा टूथब्रश बोंडेने खिशात घातले. फक्त काका राहिला. त्याचा त्याच वेळी फोनवर इंटरव्ह्यू होता. "कपाटात बसून देतो ना यार," तो म्हणाला. "तिथेच शांतता आहे."

आणि मग, बाईंची गाडी खाली लागल्यावर, बोंडे ओरडला, "काऊन बे, चपला!"

आम्ही सगळे चपला-बूट दाराबाहेर काढत होतो. कुठल्याही मराठी घरात काढतात तसे. त्यात विचार करण्यासारखं काही असतं हेच कोणाच्या डोक्यात येत नाही. दाराबाहेर रांग लागली होती, त्यात माझी कोल्हापुरीही होती. वडिलांनी चांभाराला समोर बसवून करून घेतलेली, करकर वाजणारी. सुहासने कपड्यांची पिशवी आणली आणि आम्ही सगळं पायतण त्यात कोंबून न्हाणीघरात टाकलं. दार उघडून हसत उभे राहिलो. मिस लोरेटा जिना चढून आल्या. मागे फवारणीवाला. त्या आत आल्याच नाहीत. उंबऱ्याबाहेर थांबल्या आणि खाली बघायला लागल्या.

खाली सगळी फरशी पिवळीधमक होती, आणि त्या पिवळ्यावर, चपला जिथे जिथे होत्या तिथे तिथे, चपलेच्या आकाराच्या स्वच्छ करड्या जागा. टाचा, अंगठे, बोंडेच्या बुटांचे नावेएवढे ठसे. सगळे जोडीजोडीने. रांगोळीच म्हणा. मिस लोरेटांनी खिशातून पेन काढलं आणि त्याच्या टोकाने एक एक जोडी मोजायला लागल्या. मोजून झाल्यावर गोड हसल्या. "हनी," त्या म्हणाल्या, "लीजवर तीन जण. इथे अकरा राहतात."

माझं डोकं फिरलं. अकरा? बोंडेचेच तीन जोड होते, सुहासचे दोन, काकाचे इंटरव्ह्यूचे वेगळे! एवढी ढळढळीत चूक मी उभ्या आयुष्यात ऐकून घेतलेली नाही. "अकरा कसे?" मी ओरडलो. "अकरा मुळीच नाही! वाट्टेल तो आकडा सांगाल काय?"

"मग तू सांग, हनी."

"सहा!"

"दहा," त्या म्हणाल्या.

"दहा कुठून आणलेत? काहीतरी हिशेबाचं बोला. सात! सातच्या वर एक माणूस निघाला तर नाव बदलेन!"

"सात," मिस लोरेटा म्हणाल्या आणि पेन खिशात ठेवलं. बोंडेने भिंतीवर डोकं टेकलं. सुहासने कपाळाला हात लावला. त्या क्षणी मला खरंच वाटलं होतं की मी जिंकलो. अकरावरून सातवर आणलं होतं बाईला! आजही मी म्हणतो, सौदा म्हणून तो उत्तम होता. एवढ्यात फवारणीवाल्याने आत जाऊन कपाट उघडलं. आत काका टाय लावून, मांडी घालून, गणपतीखाली बसला होता. त्याने एक बोट वर करून थांबायची खूण केली आणि फोनमध्ये म्हणाला, "येस सर, आय ॲम व्हेरी कम्फर्टेबल वर्किंग इन अ स्मॉल टीम." फवारणीवाल्याने अदबीने दार लावून घेतलं. काकाला ती नोकरी मिळाली, हे जाता जाता सांगतो.

मग मी बाईंशी पुढची घासाघीस केली. पाहुण्यांना महिनाअखेरपर्यंत मुदत मिळाली, आणि बदल्यात सबंध इमारतीचे जिने आम्ही झाडायचे ठरलं. संध्याकाळी मी पराग झाडत होतो. झाडू मारता मारता मी एकदम थांबलो. सकाळी आम्ही तीन होतो. बाईंनी अकरा केले. मी सात केले. एका सकाळीत घराची लोकसंख्या दुपटीच्या वर गेली, आणि कोणाच्या घरी पाळणा हलला नव्हता! माणसं तेवढीच होती. कोण मोजतंय, काय मोजतंय, आणि मोजल्यावर काय करणार आहे, त्याप्रमाणे आकडा हलत होता. भातासाठी विचारलं की सात, भांड्यांसाठी विचारलं की तीन. आणि तिकडे तो इंग्रज अधिकारी करासाठी झोपड्या मोजत गावात शिरत होता! झोपडीवर कर असेल तर शहाणी माणसं काय करतील? एका झोपडीत जास्त माणसं झोपतील. जसे आम्ही. तरणे पुरुष दिवसभर रानात जातील. जसे आमचे पाहुणे वाचनालयात गेले. मग वर्षानुवर्षं आकडा कमीच येणार, आणि एक दिवस खरी गणती झाली की रेघ बकरीसारखी उडणार! माझ्या आलेखावर जी माणसं अचानक जन्मली होती, त्यातली कितीतरी आधीपासूनच तिथे होती. कपाटात बसून होती, एवढंच.

मी झाडू घेऊनच घरात धावलो. सुट्टी अजून यायची होती, भांडी माझ्याकडे होती, आणि सुहास फडकं घेऊन शेजारी उभा होता. मी ताटल्या घासत होतो आणि बोलत होतो. कुकर घासला, झोपडीचा कर सांगितला. वाट्या घासल्या, चपलांचे ठसे सांगितले. सुहास एक एक भांडं पुसत होता आणि अधूनमधून म्हणत होता, "मग?" पातेलं घासताना मी सगळा सिद्धान्त सांगून टाकला. त्याने पातेलं पुसलं, उजेडात धरून बघितलं आणि म्हणाला, "छान आहे रे. पण व्हिटलोंना हे पोरकट वाटेल. चपला काय, कपाट काय! तू आपलं तांबं, दवाखाने, मृत्युदर, यावरच राहा. सेफ."

"असं म्हणतोस?"

"स्लाइड्स मी करतोय ना? मग ऐक."

बाजारात बाया भाजीवाल्याशी चार आण्यासाठी तासभर भांडतात आणि जाताना वर कोथिंबीर मागून नेतात. मी त्या माणसाशी कढईसाठी भांडलो आणि कोथिंबिरीची जुडी म्हणून उत्तर ऱ्होडेशिया त्याच्या पिशवीत टाकला. यात माझी चूक काय, असं मी कोणालाही विचारायला तयार आहे. घरातल्या माणसासमोर बोलू नये असं मला कोणी शिकवलं नव्हतं.

मांडणीच्या दिवशी सकाळी माझी कोल्हापुरी सापडेना. दाराबाहेर नाही, न्हाणीघरात नाही. शेवटी बोंडेचे बूट घालून गेलो. त्यात माझ्यासारखे दोघं मावले असते, चालताना फटक फटक वाजत होते. वर्गात शिरलो तर सुहास पुढे उभा. आडनावांच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे क्रम, त्यामुळे दातार आधी, कासार नंतर. टेबलावर त्याने काळं कापड अंथरलं होतं. खिशातून एक पुडी काढली आणि त्यातली पूड कापडभर पसरली. मला वास आला. हळद! आमच्या डब्यातली, माझ्या आईने कुटून पाठवलेली हळद. मग त्याने बॅगेतून माझी उजव्या पायाची चप्पल काढली, हळदीवर ठेवली, उचलली. पिवळ्या हळदीत काळा ठसा उमटला. वर्ग पुढे झुकला. "इथे," सुहास त्या लोण्यासारख्या इंग्रजीत म्हणाला, "एक माणूस राहतो. की नाही राहत? ते तुम्ही का विचारता, त्यावर अवलंबून आहे."

पुढचं मी ऐकलं आणि ऐकलं नाही. झोपडीचा कर आला, एका झोपडीतली जास्त माणसं आली, मिस लोरेटा आल्या, काकाचं कपाटही आलं. फक्त देशाचं नाव न्यासालँड होतं. "माझा एक रूममेट," तो म्हणाला, "घरातली माणसं अकरावरून सातवर आणल्याचा त्याला फार अभिमान आहे." सगळे हसले. व्हिटलो डोळे सताड उघडे ठेवून हसले. खाली बसताना सुहासने माझ्याकडे बघून मान डोलावली. पुण्यकर्म केल्यासारखी. सुरुवातीला सांगितलं तीच.

माझं नाव पुकारलं. मी फटक फटक करत पुढे गेलो. पडद्यावर माझी पहिली स्लाइड आली. त्यावर तांब्याच्या खाणीचं चित्र होतं, सुहासने फार सुरेख लावलेलं. मी तिच्याकडे पाठ केली. "हे सगळं माझं आहे!" मी म्हणालो. "ठसे माझे, कपाट माझं, चप्पल तर माझ्या बापाने घेतलेली आहे! उत्तर ऱ्होडेशियातही हेच झालं होतं!"

व्हिटलो सावकाश म्हणाले, "विलास, न्यासालँडमध्ये असं झालं हे सुहासने आताच दाखवलं. उत्तर ऱ्होडेशियाबद्दल तुला वेगळं काय सांगायचं आहे?"

"वेगळं काहीच नाही! हेच आधी माझ्याकडे झालं!"

त्यांनी डोळे मिटले. मग मी जे केलं त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. मी बोंडेचे बूट काढले, टेबलावरची माझी चप्पल उचलून पायात घातली, आणि एका पायात कोल्हापुरी, दुसऱ्या पायात मोजा, असा ताठ मानेने वर्गाबाहेर गेलो. तळाला हळद लागलेली होती. गालिच्यावर टेबलापासून दारापर्यंत एकाच पायाचे पिवळे ठसे उमटत गेले. आमच्याकडे अशी पावलं लक्ष्मीची काढतात, पण ती घरात येणारी असतात. ही बाहेर निघाली होती. मागून कोणीतरी म्हणालं, "वन पर्सन." सगळा वर्ग पुन्हा हसला. बोंडे संध्याकाळी म्हणाला, "यार, तुझं प्रेझेंटेशन सगळ्यात भारी झालं असं सगळे म्हणून राहिले. पण त्यात डेटा नव्हता."

असिस्टंटशिप सुहासला मिळाली. मी जयसिंगपूरला परत गेलो नाही, कारण जाण्याइतका मी शहाणा नव्हतो. उन्हाळ्यात एका किराणा दुकानात पोती उचलायला लागलो, मालकाशी भांडून भागीदार झालो, त्याच्या भागीदाराशी भांडून मालक झालो. आज कॅरीत कोणाच्या घरी वरण शिजतं तेव्हा ती डाळ बहुतेक माझ्याकडची असते. लोक म्हणतात, बघ, झालं ते बऱ्यासाठीच झालं. असं म्हणणाऱ्याला मी उधार देत नाही. सुहास मोठा प्राध्यापक झाला. न मोजलेल्या माणसांवर त्याने जाडजूड पुस्तक लिहिलं, त्याच्या ऋणनिर्देशात त्याची बायको आहे, कुत्रा आहे, मी नाही. आणि बोंडे, जो अजूनही सगळ्यांशी बोलतो, तो सांगतो की दरवर्षी पहिल्या तासाला सुहास काळं कापड अंथरतो, हळद पसरतो, आणि बॅगेतून एक जुनी कोल्हापुरी चप्पल काढतो. डाव्या पायाची. उजवी माझ्या दुकानात गल्ल्यामागे खिळ्याला टांगलेली आहे. गिऱ्हाइकांना वाटतं नजर लागू नये म्हणून.

हे सगळं आता का लिहायला घेतलं, तर आमच्या इथल्या मराठी मंडळाने पुढच्या महिन्यात प्राध्यापक सुहास दातार यांचा सत्कार ठेवला आहे, आणि मंडळाच्या काकू परवा दुकानात येऊन मला म्हणाल्या, "विलासराव, जेवण तुमच्याकडून हं, तुम्ही तर त्यांचे जुने मित्र." मी हो म्हणालो. पुरी, बटाट्याची भाजी, वरणभात, श्रीखंड. मी कंजूष नाही, आणि वाढण्यात मी कधी कोणाला फसवलेलं नाही. फक्त भाताचा अंदाज मी माझ्या पद्धतीने घेणार आहे. वडिलांची वाटी हातात घेऊन स्टेजवर चढणार आणि सगळ्या सभागृहाला विचारणार, कोण कोण जेवणार, हात वर करा. सगळे करतील, सुहासही करेल, खाताना तो नेहमीच घरचा असतो. तो हात मला खाली आलेला नको आहे. सुहास, तसाच वर ठेव, आणि तुझ्या त्या लोण्यासारख्या आवाजात, माईकवर, मराठीत सांग. तुझ्या बॅगेत डावी चप्पल आहे, ती कोणाची? आणि त्या माणसाला तू आजवर कुठल्या मोजणीत धरलंस? तू उत्तर दिल्याशिवाय कुकर लागणार नाही.